घटबाबाची निळी दोरी

गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. उन्हाच्या ओळीतली, म्हणजे गल्लीच्या ऊन येणाऱ्या बाजूच्या घरांतली, वीज नेहमीप्रमाणे दुपारी गेली होती, पंखे थांबले होते, आणि तरीही घड्याळवाल्याच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत एक दिवा लख्ख पेटला होता. भर उन्हात पेटलेल्या त्या दिव्याकडे सगळी गल्ली माना वर करून बघत होती, जणू दिवा नावाची वस्तू आजच जन्माला आली.

"पेटला! वीज नाही आणि पेटला!"

"अहो ढकलू नका, माझं पोर खाली आहे!"

"बाबा, एकदा इकडे बघा! बाबा!"

खिडकीत लाकडी बैठकीवर तांब्याचा एक घट ठेवला होता आणि घटाशेजारी घटबाबा उभा होता. पायघोळ पांढरा अंगरखा, मनगटावर महागडं घड्याळ, गळ्यापाशी अडकवलेला माइक आणि ऐकणाऱ्याला गुंगी यावी असा गोड आवाज.

"शास्त्रज्ञ काय सांगतात?" बाबाने हात पसरले. "ऊर्जा निर्माण होत नाही, ऊर्जा नष्ट होत नाही. मीसुद्धा तेच सांगतो! मग बाळांनो, जी कधी नष्टच होत नाही, तिचं बिल तुम्ही कशाचं भरता?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं तर या वाक्यावर एखाद्याने तरी डोकं खाजवायला हवं होतं. पण टाळ्या वाजवणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

"या घटात सात थरांची माती आहे. भूमी झोपलेली असते. घराची वीज मेली, की हा घट भूमीला जागं करतो. धूर नाही, आवाज नाही, इंधन नाही. हे क्वांटम आहे, क्वांटम!"

क्वांटम म्हणजे काय हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. बाबालाही नव्हतं. त्यामुळे दोन्ही बाजूंचं छान जुळलं.

त्याच खोलीत, बाबाच्या पाठीमागे, खाटेवर सासूबाई टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या उशाशी धाकटी उभी होती. धाकटी म्हणजे या घरातली धाकटी सून. शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले थोडेच दिवस घरी. त्यामुळे घरात माणसं तीनच: धाकटी, सासूबाई आणि थोरला दीर. थोरल्याचं खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्याने लग्न केलं नाही. आईचं औषध, आईचं पथ्य, आईच्या पायाला तेल, यातच त्याचं वय निघून गेलं.

सासूबाईंची फुप्फुसं निकामी होत चालली होती. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडणारं एक मशीन खाटेशेजारी रात्रंदिवस घरघरत असायचं. ते थांबलं की सासूबाईंचे ओठ निळे पडायला फार वेळ लागत नसे. आणि ते मशीन विजेवर चालायचं. वीज गेली की मोठा सिलिंडर लावायचा, आणि सिलिंडर संपायच्या आत वीज यावी म्हणून देव पाण्यात घालून बसायचं, हा त्या घराचा रोजचा दिनक्रम होता.

धाकटीने यावर उपाय शोधला होता. उन्हाच्या ओळीतल्या गच्च्यांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं ऊन सांडलेलं असायचं. तिने पॅनेलवाल्याला बोलावून गच्ची दाखवली, मशीन किती वीज खातं ते मोजून घेतलं. सूर्यावर चालणारी पॅनेलं, एक बॅटरी, एक इन्व्हर्टर. वीज गेली तरी मशीन, एक पंखा आणि एक दिवा आरामात चालला असता. फार महागही नव्हतं. थोरल्याने आईसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत बसत होतं. सामान यायचं तेवढं बाकी होतं.

आणि तेवढ्यात हा घटबाबा उगवला.

"एका घरात दोन शक्ती नांदत नाहीत," बाबाने थोरल्याला सांगितलं. "आकाशातली हवी की भूमीतली, ठरव." थोरल्याने ठरवलं. त्याने पॅनेलवाल्याला फोन करून नको म्हणून कळवलं आणि बाजूला ठेवलेले पैसे बाबाच्या चेल्याच्या हातात दिले. जो माणूस दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळांची पोटं उघडतो, त्याने या बैठकीचे चार स्क्रू उघडून बघितले नाहीत. आईसाठी माणूस किती शहाणा होतो आणि किती खुळा होतो, याचा काही नेम नाही.

धाकटीच्या डोक्यात संताप चढला होता. ती पुढे आली.

"बाबा, ही दोरी कशासाठी आहे?"

बैठकीतून एक जाड निळी दोरी निघत होती आणि खिडकीतून बाहेर पडून, गल्लीवरून, समोरच्या सावलीच्या ओळीतल्या शिंपीणकाकूंच्या खिडकीत शिरत होती. तिथेही असाच एक घट होता. दोन्ही बैठकांची एकेक वायर आपापल्या घराच्या भिंतीत लावली होती, घराची वीज मेली हे घटाला कळावं म्हणून म्हणे. गल्लीवर आधीच कपड्यांच्या दोऱ्यांचं जाळं होतं. दोन्ही ओळींचे सदरे, चादरी, परकर एकमेकांच्या डोक्यावर वाळायचे. त्यांत आता ठिकठिकाणी निळ्या दोऱ्या दिसायला लागल्या होत्या.

"घट एकटा चालत नाही, बेटी. त्याला जोडीदार लागतो. उन्हातला एक, सावलीतला एक. ही त्यांची नाडी आहे. हिच्यावर ओला कपडा टाकायचा नाही, हिला हात लावायचा नाही. नाहीतर नाडी बाटते."

"नाडी की वायर?"

खाली कुजबुज झाली. बाबा हसला. त्याने दोरीचं खिडकीत लोंबणारं गोंड्याचं टोक हातात घेतलं, कात्रीने एक तुकडा कापला, उकलून दाखवला. आत सूत आणि नुसतं सूत. मग त्याने तो तुकडा काडी लावून जाळला.

"सुती दोरी आहे. आता बाई शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांनीच सांगावं. सांगा बाई, सुतातून वीज वाहते का?"

धाकटी खरं तेच बोलली, कारण दुसरं बोलायची तिला सवय नव्हती.

"कोरड्या सुतातून नाही वाहत."

"ऐकलंत!" बाबाने माइक असूनही आवाज चढवला. "सायन्सच सांगतंय!"

गल्ली खदखदून हसली. धाकटीचा चेहरा लाल झाला, आणि रागात माणूस जी चूक करतो तीच तिने केली. पहिल्यांदा जे सुचलं तेच खरं मानलं.

"मग घटात बॅटरी आहे," ती म्हणाली. "उघडून दाखवा."

तिला वाटलं, आता बाबाची पाचावर धारण बसणार. बाबा मात्र बाजूला झाला, जणू याचीच वाट बघत होता. "उघडा की. तुमचंच घर आहे."

धाकटीने झाकण काढलं आणि घटात हात घातला. माती. खाली वाळू. त्याखाली खडे. तिने घट उचलून फरशीवर पालथा केला, खोलीभर मातीचा लोट उठला, सासूबाईंना ठसका लागला. बॅटरी नव्हती. बोटभर तारही नव्हती. आणि बैठकीला जोडलेला तो दिवा तसाच पेटलेला होता.

"रिकाम्या घटातूनसुद्धा!" खालून कुणीतरी ओरडलं. "बाबा, धन्य आहात!"

थोरला पुढे झाला. "झालं समाधान? आईला ठसका लागला तो बघ आधी." "शिकलीस म्हणजे सगळी अक्कल तुलाच आली?"

बाबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिच्यावर रागावू नकोस. पण घरात शंका शिरली आहे, बाळ. शंकेने घट मौनात जातो. उद्या तसं झालं, तर मला बोल लावू नकोस."

काय बेमालूम सोय करून ठेवली होती बघा लबाडाने! चाललं तर घटाची कृपा, बंद पडलं तर सुनेचा दोष. असा धंदा कधी बुडत नाही.

त्यानंतर रोज दुपारी वीज जायची, आणि सासूबाईंचं मशीन घटाच्या बैठकीला जोडलं की खुशाल चालायचं. धाकटीने बैठकीकडे बघायचंही सोडलं. शाळेत पोरंसुद्धा मागून "क्वांटम, क्वांटम" करायला लागली. घरात थोरला तिच्याशी कामापुरतं बोलायचा. मग एक दिवस ती शाळेतून आली तर खाटेमागचा मोठा सिलिंडर जागेवर नव्हता.

"भाऊजी, सिलिंडर कुठे गेला?"

"परत केला. भाड्याचा होता. घट असताना त्या लोखंडाची गरज काय?"

"भाऊजी, तुम्ही... अहो, निदान तो तरी ठेवायचा होता!"

"पुन्हा शंका?" थोरला तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्या शंकेपायी आईचा जीव जायला नको."

सुट्टीचा दिवस होता म्हणून बरं, नाहीतर पुढची गोष्ट वेगळीच सांगावी लागली असती. सकाळी धाकटी स्वयंपाकघरात होती. अचानक पंखा थांबला, आणि पाठोपाठ मशीनची ती जीवघेणी पीं पीं सुरू झाली. ती धावत बाहेर आली. थोरल्याने मशीनची वायर आधीच घटाच्या बैठकीत खुपसली होती. काही होत नव्हतं. त्याने वायर काढली, पुन्हा खुपसली. पुन्हा काढली. घटावर दोन्ही हात ठेवून तो पुटपुटायला लागला.

"भाऊजी, ते सोडा! गाडी बोलवा!"

"लागेल. आत्ता लागेल. थोडा वेळ..."

"त्यांचे ओठ बघा!"

थोरल्याने आईकडे पाहिलं आणि घट सोडून तो धावला. सासूबाई खाटेची कड धरून हवा ओढत होत्या. डोळे विस्फारलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठांचा रंग दौतीतल्या शाईसारखा. दोघांनी त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. गल्लीतली माणसं वाट करून देत होती आणि हात जोडत होती. हात जोडायच्या ऐवजी एकाने तरी खुर्चीला हात लावावा, असं त्यांतल्या एकालाही सुचलं नाही.

सासूबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर हात टेकावे लागले असते. इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर थोरला आणि धाकटी बसले होते.

"तुझ्यामुळे," थोरला म्हणाला. "तू घट पालथा केलास. बाबांनी सांगितलं होतं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. "भाऊजी, मी त्यांना खांदा लावून खाली आणत होते तेव्हा तुमच्या बाबाचा घट काय करत होता? माझ्यावर रुसून बसला होता? आई मेल्या असत्या तर त्याने कुणाचा सूड घेतला असता, माझा की त्यांचा?"

खिशातून फोन काढून थोरला बाबाच्या चेल्याला लावायला लागला. चेल्याचं उत्तर धाकटीलाही ऐकू आलं: आईला घरी आणण्याआधी बाबा येऊन घर शुद्ध करतील, घट पुन्हा जागा करतील, आणि शंकेखोर माणसाने त्या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. थोरला "बरं" म्हणाला. धाकटी शेजारीच बसलेली असताना "बरं" म्हणाला.

संध्याकाळी शिंपीणकाकू सासूबाईंना बघायला आल्या. समोरच्या सावलीच्या ओळीत त्यांचं शिवणकाम चालायचं, आणि घटाच्या दोरीचं दुसरं टोक त्यांच्याच खिडकीत होतं.

"काय मेला आजचा दिवस," काकू धाकटीजवळ टेकत म्हणाल्या. "तिकडे तुमची ही धावपळ आणि इकडे माझं मशीन अर्ध्या टाक्यावर बंद. एवढ्या गणवेशांची ऑर्डर अंगावर आणि घटही ढिम्म. मीच मनात म्हटलं, आपल्याही घरात शंका शिरली की काय?"

धाकटीने मान वर केली. "काकू, तुमच्याकडेही वीज गेली होती? सकाळी?"

"अगं, दोन्ही ओळींची गेली होती. मोठी लाइनच बिघडली होती म्हणे. असं कधी होत नाही बघ. एरवी तुमची जाते तेव्हा आमची असते, आमची जाते तेव्हा तुमची असते."

"आणि तुमचा घट? तो कधी चालतो?"

"संध्याकाळी, आमची गेली की."

"म्हणजे आमची असते तेव्हा."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "हो. म्हणजे... हो की."

धाकटी बाकावरून उठून उभी राहिली. तिला एकाच वेळी हसावंसं वाटलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ती घटात बॅटरी शोधत बसली होती! अगं, घट रिकामा झाला होता आणि दिवा चालूच होता. म्हणजे घटाचा आणि दिव्याचा काडीचा संबंध नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर पुरावा लखलखत होता, आणि तिला फक्त लोकांचं हसू ऐकू येत होतं.

आता या गल्लीची एक जुनी रीत सांगायला हवी. दोन्ही ओळींना वीज दोन वेगळ्या लाइनींवरून यायची, त्यामुळे एकीची गेली की समोरचा शेजारी खिडकीतून वायर टाकायचा. "घे गं, तुझं दळण तेवढं काढून घे." कुणी पैसे मागत नसे, कुणी देत नसे. मग एका पावसाळ्यात झिजलेल्या वायरीचा एकाला जबर झटका बसला, वीज कचेरीची माणसं आली, सगळ्या वायरी कापून गेली, दंड लावून गेली. तेव्हापासून समोरासमोर राहणारी माणसं आपापल्या अंधारात गुपचूप बसायला शिकली.

बाबा आला त्या दिवशी शुद्धीसाठी गल्ली आधीपेक्षा जास्त भरली होती. दुपार होती, उन्हाच्या ओळीतली वीज गेलेली होती. घट नव्या मातीने भरला होता. बाबाने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, चेल्याने बैठकीत दिव्याची पिन खुपसली. दिवा पेटला. गल्लीने श्वास सोडला. थोरला हात जोडून उभा होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"बाबा," धाकटी दारातून म्हणाली. "मला माझ्या शंकेचं प्रायश्चित्त घ्यायचं आहे. सगळ्यांसमोर."

बाबाचा चेहरा फुलला. शिकलेली, तोंडाळ बाई भर गल्लीत नाक घासते आहे, याहून मोठी जाहिरात कुठली? त्याने स्वतःच्या गळ्यातला माइक काढून तिच्या हातात दिला. अतिहुशार माणसं अशीच स्वतःच्या हाताने खड्डा खणतात.

"बाबा म्हणतात, माझ्या शंकेने घट मौनात जातो," धाकटी बोलायला लागली. "म्हणून मी घटाकडे पाठ करते. डोळे मिटते. मनातही काही आणत नाही. काकू!"

समोरच्या खिडकीत शिंपीणकाकू उभ्या होत्या. "काय गं?"

"तुमच्या बैठकीची जी वायर भिंतीत लावली आहे, ती काढा."

"ए, तिला हात लावू नका!" चेला ओरडला. "ते घटाचं घराशी नातं आहे!"

"माझ्या घराच्या भिंतीला मी हात लावीन नाहीतर डोकं आपटीन, तुला काय करायचंय?" काकू म्हणाल्या आणि खिडकीतून आत गेल्या.

दिवा विझला.

"लावा!"

दिवा पेटला.

"काढा!"

विझला. मग खालून एका पोरीने किंचाळून "लावा!" म्हटलं, काकूंनी आतून लावली, दिवा पेटला, आणि पोरांना खेळच सापडला. "काढा! लावा! काढा! लावा!"

"शंका!" बाबाचा आवाज आता मुळीच गोड नव्हता. "हिच्या मनात शंका आहे! घट घाबरतोय!"

"डोळे मिटलेत माझे," धाकटी म्हणाली. "पण ठीक आहे. ज्यांच्या मनात शंकाच नाही त्यांनी सांगावं." तिने डोळे उघडले आणि माइक थोरल्यासमोर धरला. "भाऊजी, तुम्ही म्हणा."

थोरल्याने माइक घेतला नाही. तो दिव्याकडे बघत राहिला.

"काढा," तो म्हणाला. माइक नव्हता तरी ते समोरच्या ओळीपर्यंत गेलं.

दिवा विझला.

"लावा."

दिवा पेटला.

थोरला खाली दुकानात गेला आणि पेचकस घेऊन वर आला. बाबा बैठकीच्या आड उभा राहिला. "बाळ, ऐक. हे उघडलंस तर तुझी आई..."

"आईचं नाव घेऊ नकोस," थोरला म्हणाला. इतक्या हळू आवाजात, की बाबा आपोआप बाजूला झाला.

धाकटीने आधी आपल्या भिंतीतली वायर काढली, काकूंना त्यांची काढायला लावली, आणि मगच थोरल्याला बैठकीला हात लावू दिला. चार स्क्रू निघाले. घटाची मातीची मिजास वर आणि खाली खरा ऐवज: निळ्या दोरीतून आलेल्या तारा, आणि घरची वीज गेली की आपोआप शेजारच्या विजेवर पलटी मारणारं एक खटका-बटण. दुकानात मिळतं तसलं. समोरून काकूंनी कापडाची मोठी कात्री आणली आणि दोरी मधोमध उभी फाडली. वर सुताची वेणी, आत रबर, रबरात तांबं. गोंड्याचं टोक तेवढं खऱ्या सुताचं होतं, कापून जाळून दाखवण्यापुरतं शिवलेलं.

"बघा," धाकटी म्हणाली. "ही तुमची भूमीची शक्ती. ही शेजाऱ्याची वीज आहे. दुपारी काकूंच्या मीटरमधून आमच्याकडे, संध्याकाळी आमच्या मीटरमधून काकूंकडे. जी वायर आपण एकमेकांना फुकट टाकत होतो ना, तीच याने सुतात गुंडाळून तुमच्याच गळ्यात मारली. ओला कपडा टाकू नका म्हणाला, कारण पोरं मेली असती. नाडी बाटली नसती, पोरं मेली असती!"

"मी माध्यम आहे," बाबा म्हणाला. "शक्ती कोणत्याही वाटेने येते. तारेतूनसुद्धा..."

त्याचं वाक्य खालच्या गाडीच्या आवाजात बुडालं. चेल्याने बाबाला तिथेच ठेवून, बाबाचीच गाडी घेऊन पोबारा केला होता. परमभक्त म्हणजे असा! पुढे पोलिस येईपर्यंत बाबा त्याच खोलीत भिंतीला टेकून बसला होता आणि पाणी मागत होता. धाकटीने पाणी दिलं. पेला मात्र हातात नाही दिला, फरशीवर ठेवला.

आता वाटेल की गल्लीचे डोळे उघडले. काहींचे उघडले. काहीजण जाताना म्हणाले, "या बाबाचं खोटं निघालं, पण खरेही असतात." एक म्हातारा तर रिकाम्या घटाच्या पाया पडून गेला. धाकटीला त्या क्षणी सगळ्या गल्लीचा वीट आला. ती खिडकीत आली, माइक अजून तिच्याकडेच होता.

"एकच सांगते," ती म्हणाली. "कुणी काही चमत्कार दाखवला, तर तो कसा चालतो ते विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. तो बंद कधी पडतो, ते विचारा. आणि कुणी म्हणालं की तो तुमच्या शंकेमुळे बंद पडतो, तर त्याला त्याच पावली हाकलून द्या. माझ्या सासूबाई शंकेमुळे मरत नव्हत्या. शंका घेतली नाही म्हणून मरत होत्या."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक माना खाली घालून घरी गेले.

थोरल्याने धाकटीची माफी मागितली नाही. त्या पिढीच्या पुरुषांना ती कशी मागतात ते ठाऊक नसतं. पण त्या संध्याकाळी तो स्वतः जाऊन सिलिंडर परत घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातली जुनी, जपून ठेवलेली दोन चांगली घड्याळं विकली आणि पॅनेलवाल्याला बोलावणं धाडलं.

पॅनेलवाला गच्चीवर लोखंडी चौकट मांडत होता. सासूबाई अजून इस्पितळातच होत्या. सगळं बसल्यावर त्यांना घरी आणायचं होतं. थोरला चौकटीशेजारी उकिडवा बसला होता. धाकटी वायरींचं भेंडोळं सोडवत होती.

"एक विचारू?" थोरला पॅनेलवाल्याला म्हणाला. "हे बंद कधी पडतं?"

पॅनेलवाल्याने पाना खाली ठेवला. "ढग आले की कमी देतं. सलग दोन-तीन दिवस अंधारून आलं, तर बॅटरी पुरणार नाही. काचेवर धूळ बसली, पाखरांनी घाण केली, तर कमी, पुसावं लागतं. इस्त्री नाहीतर गिझर लावलात तर लगेच बंद पडेल. बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते. म्हणून आजींसाठी सिलिंडर भरून ठेवा, तो सोडू नका." मग तो जरा ओशाळला. "एवढं सगळं सांगितलं की गिऱ्हाईक पळून जातं हो. पण तुम्ही विचारलंत म्हणून."

थोरल्याने खाली ठेवलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला.

"म्हणूनच बसवा," तो म्हणाला.